तिवराच्या पानात राहणारी बुरशी वाढवताना

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रकल्पांचे विषय ठरवण्याची वेळ आली की गेली काही वर्षे एक विषय हमखास पुढे येतो : कांदळवनातील वनस्पतींच्या आत राहणाऱ्या बुरशीपासून अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांना आवरणारे पदार्थ, मिळवणे. कोकणातल्या महाविद्यालयाला खाडी हाताशी असते, लागणारी रसायने फार महाग नसतात, आणि अँटिऑक्सिडंट ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीपीपीएच नावाच्या द्रावणाचा गडद जांभळा रंग डोळ्यांदेखत उतरत पिवळा झाला की प्रकल्प साधल्याचे समाधान विद्यार्थ्याला अर्ध्या तासात मिळते. मी स्वतः असे प्रकल्प करवून घेतो, त्यामुळे विषयाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु रंग उतरवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. ती बुरशी अशा रीतीने वाढवणे, की तोच पदार्थ तिने पुन्हा पुन्हा आणि आपल्याला कारण सांगता येईल अशा परिस्थितीत तयार करावा, हा सर्वांत अवघड भाग आहे. प्रबंधांत मात्र पाने नेमकी उलट्या प्रमाणात खर्च झालेली दिसतात. म्हणून हा लेख मुख्यतः वाढवण्याबद्दल आहे.

निरोगी दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक झाडाच्या पानात, खोडात आणि मुळात बुरशी असते, आणि तिच्यामुळे झाडावर रोगाचे कोणतेही बाह्य लक्षण दिसत नाही. अशा बुरशीला एन्डोफाइट किंवा अंतर्वासी बुरशी म्हणतात. ही संज्ञा अँटन द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये वापरात आणली. बहुतेक अंतर्वासी बुरशी बियांतून वारशाने येत नाही. हवेतून, पावसाच्या थेंबांतून आलेले बीजाणू पानावर रुजतात आणि तंतू आत शिरतात. म्हणूनच कोवळ्या पानात ती कमी आणि जून पानात जास्त सापडते. तामिळनाडूतील पिचावरमच्या कांदळवनात टी. एस. सूर्यनारायणन आणि व्ही. कुमरेसन यांनी कांदळाच्या पानांवर केलेल्या कामात पावसाळी महिन्यांत अधिक अंतर्वासी बुरशी हाती लागली होती. पिवळी पडून गळायला आलेली पाने कुजवण्याची सुरुवातही यांतलीच काही बुरशी करत असावी, असे त्यांनी पुढे २००२ मध्ये मांडले. नमुना कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वयाच्या पानाचा घ्यायचा, हा प्रश्न त्यामुळे प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी सोडवावा लागतो.

कांदळवनच का, याचे उत्तर झाडाच्या हालअपेष्टांत आहे. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी चढते, मुळे प्राणवायू नसलेल्या चिखलात असतात, आणि ओहोटीच्या वेळी पानांवर कोकणचे कडक ऊन पडते. तिवराची पाने मिठाच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत पानावरून बोट फिरवले तर खरखर लागते आणि जिभेला खारट चव येते. अशा ताणाखाली पेशींत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे जास्त तयार होतात आणि त्यांना आवरण्यासाठी झाड टॅनिन व इतर पॉलिफिनॉल साठवते. कांदळाच्या सालीत टॅनिन इतके असते, की कातडी कमावण्यासाठी ती एके काळी मोठ्या प्रमाणावर वापरली जात असे. ज्या बुरशीला अशा ऊतीत राहायचे आहे, तिच्याकडेही या रेणूंना तोंड देण्याची काही सोय असणार, असा तर्क करून लोक खाडीकडे वळतात. तर्क चांगला आहे, पण तो तर्कच आहे. बाटलीत वाढवलेल्या बुरशीने एखादा पदार्थ तयार केला म्हणजे जिवंत पानातही ती तो करत होती, असे सिद्ध होत नाही.

या शोधाला बळ देणारे एक उदाहरण कांदळवनाबाहेरचे आहे. पापुआ न्यू गिनीतील टर्मिनॅलिया प्रजातीच्या, म्हणजे जीनसच्या, एका झाडात (आपले हिरडा, बेहडा, ऐन आणि अर्जुन हे याच प्रजातीतले) राहणाऱ्या पेस्टॅलोशिऑप्सिस मायक्रोस्पोरा या बुरशीपासून गॅरी स्ट्रोबेल यांच्या गटाने आयसोपेस्टॅसिन आणि पेस्टॅसिन हे दोन पदार्थ वेगळे केले आणि २००२ व २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील पेस्टॅसिनची अँटिऑक्सिडंट क्षमता ट्रोलॉक्स या प्रमाण पदार्थाच्या किमान दहापट असल्याचे त्यांनी नोंदवले. पेस्टॅलोशिऑप्सिस ही प्रजाती आपल्याकडच्या कांदळवनांतही वारंवार सापडते, त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रस्तावनेत हा संदर्भ असतो. तो असावाच. मात्र ते दोन पदार्थ शुद्ध रूपात वेगळे करून त्यांची रचना ठरवलेली होती, आणि आपण बहुतेक वेळा कच्च्या अर्काबद्दल बोलत असतो, हा फरक त्या प्रस्तावनांत क्वचितच सांगितलेला असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. महाराष्ट्रात शासकीय जमिनीवरील कांदळवने राखीव वन म्हणून घोषित झालेली आहेत आणि २०१२ पासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. तेव्हा चार पाने तोडायची असली तरी आधी पत्रव्यवहार करून परवानगी घ्यावी. आमचे नमुने प्रामुख्याने रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतल्या तिवराचे आणि कांदळाचे असतात, कधी चिप्पीचे आणि मारांडीचेही. डाग किंवा किडीची छिद्रे नसलेली, पूर्ण वाढलेली पाने देठासकट घेऊन स्वच्छ पिशवीत, बर्फाच्या डब्यात आणायची आणि चोवीस तासांच्या आत कामाला घ्यायची. उशीर झाला की पानाच्या पृष्ठभागावरची बुरशी आत घुसू लागते आणि मग आतली कोणती व बाहेरची कोणती हे सांगणे कठीण होते.

पृष्ठभाग निर्जंतुक करणे ही पुढची पायरी. सर्वसाधारण क्रम असा : वाहत्या पाण्याखाली धुणे, ७० टक्के इथेनॉलमध्ये एक मिनिट, सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात दोन ते तीन मिनिटे, पुन्हा इथेनॉलमध्ये अर्धा मिनिट, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुणे. प्रबंधात हे एका ओळीत आटोपते, परंतु प्रत्येक झाडाला हाच काळ लागू पडत नाही. कांदळाचे पान जाड आणि मेणचट असते. तिवराच्या पानाच्या खालच्या बाजूला करडी बारीक लव असते, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि तेवढ्या जागी द्रावण पोहोचतच नाही. द्रावणात ट्वीन या साबणासारख्या द्रवाचा एखादा थेंब टाकला आणि पान हलवत राहिले तर ते नीट भिजते. काळ वाढवला तर हायपोक्लोराइट कापलेल्या देठातून आत शिरून हवी असलेली बुरशीही मारते. योग्य काळ ठरवण्याची कसोटी साधी आहे : निर्जंतुक केलेले पान माध्यमाच्या, म्हणजे बुरशी वाढवण्यासाठीच्या पोषक आगरच्या, प्लेटवर हलकेच दाबून उचलायचे आणि ती प्लेट बाजूला ठेवायची. त्या ठशातून काही उगवले नाही तरच आपण बाहेरची बुरशी काढून टाकली असे म्हणता येते. ही ठशाची प्लेट ज्या प्रकल्पात नाही, त्यातली 'अंतर्वासी' ही उपाधी मी उधारीवरची समजतो.

पानाचे अर्धा सेंटिमीटरचे तुकडे जिवाणूंना रोखणारे क्लोरॅम्फेनिकॉल घातलेल्या पोटॅटो डेक्स्ट्रोज आगरवर ठेवले की तीन-चार दिवसांनी काचेखाली पाहण्यासारखी गोष्ट घडते. तुकड्याचा पृष्ठभाग हिरवा-तपकिरी आणि स्वच्छच राहतो, आणि कापलेल्या कडेतून, बहुधा शिरेच्या टोकाजवळून, पांढऱ्या तंतूंचा विरळ झुपका बाहेर पडून आगरवर पसरू लागतो. तंतू कडेतून आले आहेत की पानाच्या पाठीवरून, हे नोंदवून ठेवावे. त्या झुपक्याच्या अगदी टोकाचा अंश सुईने उचलून नव्या प्लेटवर नेला की शुद्ध संवर्ध, म्हणजे एकाच बुरशीची वाढ, मिळतो. इथे घाई हा मोठा शत्रू आहे. अॅस्परजिलस किंवा पेनिसिलियमसारखी भराभर वाढणारी बुरशी आठवड्यात प्लेट व्यापते आणि विद्यार्थी तीच उचलून पुढे जातो; फिलोस्टिक्टासारखी सावकाश वाढणारी बुरशी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोके वर काढते, तोवर प्लेट टाकून देण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) गेलेली असते. प्लेटवर तुकडे कमी आणि लांब-लांब ठेवले, तर संथ बुरशीला संधी मिळते. पावसाळ्यात आणखी एक उपद्रव असतो तो माइट या सूक्ष्म कोळ्यांचा. ते एका प्लेटमधून दुसऱ्या प्लेटमध्ये बीजाणू पायांना लावून फिरतात आणि शुद्ध संवर्धांची खिचडी करतात. प्लेटच्या कडांना पॅराफिल्म लावण्याचा कंटाळा कोकणात तरी परवडत नाही.

ओळख पटवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पेस्टॅलोशिऑप्सिस सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येते : पाच पेशींचा लांबट बीजाणू, मधल्या तीन पेशी तपकिरी, दोन्ही टोकांच्या पेशी रंगहीन, आणि एका टोकाला दोन ते चार केसांसारखी उपांगे. पण कितीतरी अंतर्वासी बुरशी माध्यमावर बीजाणू धरतच नाहीत, आणि तिथे डीएनएच्या आयटीएस या, बुरशी ओळखण्यासाठी वापरतात त्या, भागाचा क्रम काढण्याला पर्याय नसतो. तो क्रम प्रजातीपर्यंत बहुधा पोहोचवतो. कोलेटोट्रायकम किंवा डायपोर्थी यांच्या बाबतीत नेमकी जाती सांगायला मात्र आणखी दोन-तीन जनुके तपासावी लागतात, तेव्हा एका आयटीएसवरून जातीचे नाव ठामपणे लिहू नये.

वाढवण्याचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. बुरशी जे पदार्थ तयार करते, त्यांतले आपल्या उपयोगाचे बहुतेक पदार्थ तिच्या जगण्याला थेट आवश्यक नसलेले, म्हणजे दुय्यम चयापचयातले असतात. वाढीचा वेग मंदावला, एखादे पोषकद्रव्य संपत आले, की त्यांची निर्मिती वाढते. त्यामुळे सातव्या दिवशी गाळलेला ब्रॉथ (बुरशी वाढवलेले द्रव माध्यम) आणि एकविसाव्या दिवशी गाळलेला ब्रॉथ ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळी द्रावणे असतात. हेल्गे बोडे आणि आक्सेल झीक यांच्या गटाने २००२ मध्ये एकच वाण निरनिराळ्या परिस्थितींत वाढवून त्याच्याकडून निरनिराळे पदार्थ मिळवण्याची पद्धत मांडली. तिचे इंग्रजी संक्षिप्त नाव ऑस्मॅक. माध्यम, तापमान, हवा, भांड्याचा आकार यांतले काहीही बदलले की बुरशीचे एरवी निद्रिस्त असलेले जनुकसमूह जागे होऊ शकतात. साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेलाही झेपणारी अशी ही युक्ती आहे, आणि तरीही आपल्याकडचे बहुसंख्य प्रकल्प एकाच माध्यमावर, एकाच मुदतीत उरकले जातात.

माझ्या अनुभवात फरक पाडणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे फ्लास्क हलवायचा की स्थिर ठेवायचा. शेकरवर ठेवलेल्या फ्लास्कमध्ये बुरशी गोळ्यांच्या रूपात वाढते आणि भरपूर वजन देते; स्थिर फ्लास्कमध्ये पृष्ठभागावर तंतूंची जाड साय धरते, तिच्यावर कधी कधी पिवळसर किंवा तांबूस थेंब साचतात, आणि खालच्या द्रावाला रंग चढतो. कोणत्या वाणाला काय मानवेल हे आधी सांगता येत नाही, पण वजन जास्त म्हणून पदार्थही जास्त, हे समीकरण वारंवार खोटे ठरते. तांदळावर वाढवण्याची पद्धतही करून पाहण्याजोगी आहे : मोठ्या फ्लास्कमध्ये तांदूळ आणि साधारण तितकेच पाणी घेऊन ऑटोक्लेव्ह करायचे, गार झाल्यावर बुरशी सोडायची आणि तीन-चार आठवडे हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. कांदळवनातील अंतर्वासी बुरशीला वाढायला मीठ लागतेच असा एक समज आहे. प्रत्यक्षात यांतल्या अनेक बुरशी जमिनीवरच्या झाडांत सापडणाऱ्या प्रजातींतल्याच आहेत आणि साध्या पाण्यात केलेल्या माध्यमावर व्यवस्थित वाढतात. मीठ घालण्याचे कारण निराळे आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. निम्म्या तीव्रतेच्या समुद्रपाण्यात माध्यम केले की वाढ थोडी मंदावली तरी अर्कातील घटकांचा पट बदलतो, आणि कधी कधी गोड्या माध्यमात न दिसलेला घटक दिसू लागतो. म्हणून दोन्ही माध्यमे समांतर लावावीत. समुद्राचे पाणी फॉस्फेटसह ऑटोक्लेव्ह केले तर गाळ बसतो, तेव्हा दोन्ही वेगळे निर्जंतुक करून गार झाल्यावर एकत्र करावे.

मुदत संपली की ब्रॉथ गाळून इथाइल अॅसिटेटबरोबर विलगीकरण नरसाळ्यात तीनदा हलवायचा, वरचा थर निर्जल सोडिअम सल्फेटवरून कोरडा करायचा आणि रोटरी इव्हॅपोरेटरमध्ये चाळीस अंशांच्या आसपास उडवायचा. तळाशी राहतो तो मधासारखा चिकट तपकिरी लेप, म्हणजे कच्चा अर्क. तो मिथेनॉलमध्ये विरघळवून डीपीपीएचशी मिसळायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचा आणि ५१७ नॅनोमीटरला शोषण मोजायचे. डीपीपीएच हा स्थिर मुक्त मूलक आहे. त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देणारा कोणताही पदार्थ त्याचा जांभळा रंग घालवतो. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये सुचवलेली ही पद्धत स्वस्त आणि जलद म्हणून टिकून आहे.

'कोणताही पदार्थ' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. माल्ट एक्स्ट्रॅक्ट आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये मुळातच क्षपण करणारे पदार्थ असतात. बटाट्यात क्लोरोजेनिक आम्ल असते. शिवाय साखर आणि अमिनो आम्ले एकत्र असलेले माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये तापले की तपकिरी होते, आणि तो तपकिरीपणा ज्या मेलार्ड अभिक्रियेतून येतो तिचे पदार्थ स्वतःच चांगले अँटिऑक्सिडंट असतात. म्हणजे फ्लास्कमध्ये बुरशी सोडलीच नाही, तोच फ्लास्क तितकेच दिवस ठेवला आणि तसाच अर्क काढला, तरी डीपीपीएचचा रंग काही प्रमाणात उतरतो. समजा, बुरशीच्या अर्काने शंभरातला साठ भाग रंग घालवला आणि त्याच मात्रेच्या रिकाम्या माध्यमाच्या अर्काने पस्तीस भाग, तर बुरशीच्या नावावर साठ भाग कसे मांडायचे? रिकाम्या माध्यमाचा हा कंट्रोल लावायला एक फ्लास्क जादा लागतो, बाकी काही नाही. तो नसलेले निष्कर्ष प्रसिद्ध होताना पाहिले की मला खरोखर आश्चर्य वाटते. दुसरा कंट्रोल अर्काच्या स्वतःच्या रंगाचा. तांबूस रंगद्रव्ये ५१७ नॅनोमीटरलाच प्रकाश शोषतात आणि अर्क आहे त्यापेक्षा दुबळा दिसतो. डीपीपीएच न घातलेल्या अर्काचे शोषण वजा केल्याशिवाय आकडा विश्वासार्ह होत नाही. एकूण फिनॉल मोजण्यासाठी वापरतात ते फोलिन-सिओकाल्टू द्रावणही फक्त फिनॉलशी क्रिया करत नाही. शर्करा, प्रथिने आणि ॲस्कॉर्बिक आम्लही त्याला निळे करतात, आणि ब्रॉथमध्ये शर्करा व प्रथिने उरलेली असतातच.

या आकड्यांपेक्षा मला एक जुनी पद्धत अधिक बोलकी वाटते. अर्काचा बारीक ठिपका सिलिकाच्या टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) लावून द्रावकात चढवायचा, प्लेट वाळवायची आणि तिच्यावर डीपीपीएच फवारायचे. सगळी प्लेट जांभळी होते आणि तिच्यावर एखाद-दोन जागी फिकट पिवळे ठिपके उमटतात. अतिनील प्रकाशात त्याच प्लेटवर आधी दहा-बारा पट्टे मोजलेले असतात. त्यांतले एक-दोनच काम करत आहेत, बाकीची गर्दी आहे, हे एका नजरेत कळते. शेजारी रिकाम्या माध्यमाचा अर्क चढवला असेल तर कोणता ठिपका बुरशीचा आणि कोणता माध्यमाचा याचा वादही तिथेच मिटतो. जांभळी पार्श्वभूमी काही तासांत फिकी पडते, म्हणून छायाचित्र लगेच घ्यावे. पुढे पदार्थ शुद्ध करणाऱ्या कॉलमकडे आणि त्याची रचना ठरवणाऱ्या एनएमआरकडे जायचे असेल तर त्या ठिपक्याचा माग काढत जावे.

असे काही हाती लागले की बाहेरचे लोक लगेच विचारतात, की याची गोळी कधी निघणार. मूलकाला इलेक्ट्रॉन देण्याचा गुण आणि शरीराला निरुपद्रवी असण्याचा गुण यांचा एकमेकांशी संबंध नाही. अॅस्परजिलस, पेनिसिलियम आणि फ्युझेरियम या प्रजातींतल्या अनेक बुरशी ऑक्रॅटॉक्सिन, सिट्रिनिन, फ्युमोनिसिन यांसारखी विषे तयार करतात, आणि कच्च्या अर्कात हवा असलेला पदार्थ व नको असलेले विष एकाच लेपात असू शकतात. पेशींवरची विषाक्तता चाचणी केल्याशिवाय 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंट' असा शब्दप्रयोग करून वर्तमानपत्राला बातमी देणे मला गैर वाटते.

शेवटी वाण टिकवण्याबद्दल, कारण इथेच बहुतेकांचे काम वाया जाते. अंतर्वासी बुरशीची एक सर्वज्ञात खोड म्हणजे प्लेटवरून प्लेटवर वारंवार नेत राहिले, की ती वाढते नीट, पण पदार्थ तयार करणे कमी करते, कधी थांबवतेच. १९९३ मध्ये पॅसिफिक यू या झाडातल्या टॅक्सोमायसिस अँड्रिएनी या बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध सापडल्याचे 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा फार मोठी आशा निर्माण झाली होती. परंतु उद्योगाला पुरेल एवढे टॅक्सॉल बुरशीकडून मिळाले नाही, आणि आजही ते मुख्यतः वनस्पतीच्या पेशींच्या संवर्धनातून व अर्धसंश्लेषणाने तयार होते. झाडाबाहेर आल्यावर त्याचे संकेत मिळत नाहीत म्हणून असे होते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. निर्जंतुक केलेल्या पानाचा अर्क किंवा तुकडे माध्यमात घालून काही वाणांची निर्मिती परत वाढवता येते. पण पानाचा अर्क म्हणजे कांदळाचे टॅनिन, आणि टॅनिन म्हणजे अँटिऑक्सिडंट, तेव्हा असे करताना रिकाम्या माध्यमाचा कंट्रोल दुप्पट काटेकोर लागतो.

माझा शिरस्ता असा, की पहिला शुद्ध संवर्ध मिळाल्याच्या आठवड्यातच त्याच्या बऱ्याच कुप्या भरायच्या : १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ऐंशी अंशांवर, आणि तसा फ्रीझर नसेल तर निर्जंतुक पाण्यात बुडवलेल्या आगरच्या चकत्या किंवा खनिज तेलाखालच्या तिरप्या नळ्या. प्रत्येक प्रयोग जुन्या प्लेटवरून न करता नव्या कुपीवरून सुरू करायचा. ज्या वाणाने टीएलसीवर स्वतःचा ठिपका दाखवला आहे, त्याची एक प्रत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संवर्ध संग्रहात जमा करून क्रमांक घ्यावा आणि तो क्रमांक प्रबंधात लिहावा. त्या क्रमांकासोबत झाडाची जाती, पानाचे वय, नमुना घेतल्याचा महिना, खाडीतली जागा आणि पाण्याची क्षारता यांची नोंद असली, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्याला तेच वाण उघडून मिठाचे प्रमाण किंवा मुदत बदलून पाहता येते. नसली, तर त्याला पुन्हा पिशवी घेऊन भाट्याच्या पुलाखाली उतरावे लागते.